शून्य तक्रारींच्या रकान्यामागे

उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी गेल्या काही दशकांत अनेकदा तपासले गेले. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांतून येणारे निळे पाणी आणि अंबरनाथच्या रासायनिक पट्ट्यातले सांडपाणी यांचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोचला आणि अनेक धुलाई कारखान्यांना टाळे लागले. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी असे मोजले जाते. पण त्याच फाटकातून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाला दिवसभरात कशी वागणूक मिळाली? आपले आडनाव, भाषा, धर्म, बाईपण किंवा कंत्राटी हजेरी यांमुळे आपल्याला वेगळे वागवले जाते, असे त्याला वाटते का? हे मोजायचा प्रयत्न क्वचितच होतो. मोजायचे ठरवले तर ते कसे करायचे आणि आलेल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, याची ओळख इथे करून द्यायची आहे.

या पट्ट्यात कोण काम करते हे समजायला वस्तीचा क्रम पाहावा लागतो. अंबरनाथला १९२०च्या दशकात विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. १९५०च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि अंबरनाथला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना सुरू झाला. पुढे अंबरनाथ आणि बदलापूरला एमआयडीसीच्या वसाहती झाल्या. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्याआधीच्या दहा वर्षांत बदलापूर जवळजवळ दुपटीने वाढले होते.

इतक्या वेगाने भरलेल्या गावांत कामाच्या जागीही माणसांचे थर बसत जातात. शिलाई मशीनवर उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर, पॅकिंगला जवळच्या चाळीतल्या बायका, प्लांटवर कोकण, खानदेश, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी, गाडी भरायला आसपासच्या वाड्यांवरचे ठाकूर-कातकरी, आणि शेतजमिनीवर कारखाने उभे राहिलेल्या गावांतली आगरी-कुणबी मुले. त्यावर आणखी एक उतरंड असते: परमनंट, कंत्राटी, बदली आणि रोज सकाळी नाक्यावरून उचललेला. विविधता हा शब्द इथे कुणी फारसा वापरत नाही, पण ती इथे पुरेपूर आहे. निर्वासित म्हणून आलेल्या समाजाने उभ्या केलेल्या शहरात आज नव्याने आलेल्या माणसाला परकेपणा वाटतो का, हा प्रश्न उल्हासनगरइतका थोड्याच शहरांना लागू पडत असेल.

कागदोपत्री नोंदी पुष्कळ आहेत. हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधीची यादी, सरकारी आस्थापनेत आरक्षणाची बिंदुनामावली. राज्याच्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक लोक घ्यायचे असतात आणि स्थानिक म्हणजे १५ वर्षे राज्यात राहिलेला. शेअर बाजारात नोंद असलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून दरवर्षी कामाच्या जागी झालेल्या भेदभावाच्या तक्रारींची संख्याही जाहीर करावी लागते. या सगळ्या नोंदींतून डोकी मोजली जातात किंवा तक्रारी मोजल्या जातात.

तक्रारींच्या रकान्यात शून्य असले की व्यवस्थापन निर्धास्त होते. पण त्या शून्याचे दोन अर्थ निघतात. तक्रार करण्यासारखे काही घडले नाही, हा एक. घडले, पण सांगायचे कुणाला, आणि सांगितल्यावर उद्या गेटवर नाव पुकारले जाईल का, या भीतीने कुणी बोलले नाही, हा दुसरा. दोन्ही परिस्थितींत रकाना सारखाच दिसतो. कामगाराला काय वाटते हे वेगळे विचारायला हवे, ते याच कारणासाठी.

डोकी मोजूनही सगळे कळत नाही. नगरपालिका आणि महापालिकांच्या सफाई खात्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते. अनेक घरांना याचा मोठा आधार झाला आहे. पण संपूर्ण पालिकेच्या आस्थापनेवर अनुसूचित जातींचे प्रमाण काढले, तर त्या संख्येत झाडू हातात असलेला किती आणि टेबलामागे बसलेला किती, हे दिसत नाही. खातेवार, पदवार फोड केली तरच चित्र उघडे पडते. आणि टेबलामागे बसलेल्याला त्याचे सहकारी काय ऐकवतात, हे त्या फोडीतही येत नाही.

हा विषय व्यवस्थापनशास्त्राच्या परदेशी पुस्तकांतून आला, असा समज दिसतो. पण प्रश्न याच पट्ट्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचा आणि फार जुना आहे. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच महिन्यांच्या आत, मे १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बदलापूरला शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते. पुढच्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. त्यावेळी त्यांनी एक गोष्ट लावून धरली: अस्पृश्य कामगाराला गिरणीत घेतात, पण विणकाम खात्यात घेत नाहीत. तिथे पगार जास्त होता. कारण असे दिले जाई की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा इतर विणकर हातात घेणार नाहीत. गिरणीतल्या एकूण कामगारांत अस्पृश्य किती, एवढेच मोजले असते तर हा भेद सापडलाच नसता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी रेल्वेचे असेच वर्णन केले. अस्पृश्याला गँगमन म्हणून रुळांवर काम मिळते, पोर्टर म्हणून मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने त्याच जीआयपी रेल्वेवरची. कोणत्या खात्यात, कोणत्या कामावर, कोणत्या सबबीखाली माणूस अडवला जातो, हे इतके नेमके विचारणारे प्रश्न आजच्या सर्वेक्षणांतही दुर्मीळ आहेत. प्रश्नावली तयार करणाऱ्याने इतर काही वाचण्याआधी मनमाडचे ते भाषण वाचावे.

मोजणीची एक अगदी वेगळी रीत महाराष्ट्राने १९६०च्या दशकात पाहिली. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने मुंबईतल्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायला सुरुवात केली आणि अमराठी आडनावांची गर्दी वाचकांसमोर मांडली. आपल्याला डावलले जाते ही भावना हजारो मराठी तरुणांच्या मनात होती. यादीने तिला आकार दिला आणि त्यातून शिवसेनेचे राजकारण उभे राहिले. मोजमापाच्या दृष्टीने या यादीत एक मोठी उणीव होती. आडनावांवरून माणसे मोजली, पण अर्ज कुणी केले, कुणाला कशामुळे नाकारले, नाकारलेल्यांना काय सांगितले गेले, हे कुणालाच विचारले नाही. ज्यांची नावे छापली त्यांचाही शब्द त्यात नव्हता. डावलले गेल्याची भावना खरी असू शकते, तिचे कारण चुकीचे ठरवले जाऊ शकते आणि चुकीच्या कारणाचा राग शेजारच्या टेबलावरच्या माणसावर निघू शकतो. आज या पट्ट्यात ‘भैया लोकांनी कामे नेली’ असे म्हटले जाते, तेव्हा कमी मजुरीचा दर ठरवणारा ठेकेदार त्या वाक्यात कुठेच नसतो. सर्वेक्षणाने हा धोका ओळखायला हवा.

न्यायालयांत जी प्रकरणे पोचली त्यांतूनही काय विचारावे याचे धडे मिळतात. मुंबईतल्या एका औषध कंपनीत एका विभागात फक्त अविवाहित बायका घेत आणि लग्न होताच त्यांची नोकरी संपे. लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे होते. १९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. १९८७ साली मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या प्रकरणात ऑड्री डिकॉस्टा यांच्या बाजूने निकाल लागला. तिथे स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत होता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, एचआयव्हीची लागण आहे एवढ्याच कारणाने काम करायला समर्थ असलेल्या कामगाराला काम नाकारणे बेकायदा ठरवले. या तिन्ही ठिकाणी भेदभाव करणाऱ्याकडे व्यावहारिक वाटणारी सबब तयार होती. म्हणून ‘तुमच्याकडे भेदभाव होतो का’ असे साहेबांना विचारून उपयोग नाही. ते प्रामाणिकपणे नाही म्हणतील.

खाजगी क्षेत्रात भेदभाव होतोच याचा पुरावा काय, असे विचारणाऱ्यांसाठी अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा प्रयोग आहे. विदर्भातून आलेले थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २००५च्या ऑक्टोबरपासून त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत होता: उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम ओळखू येतील अशी नावे. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीयाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाची सुमारे एक-तृतीयांश निघाली. २००७ साली हे निष्कर्ष ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आले. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे गुणवत्तेबद्दल बोलले आणि त्यांतल्या बहुतेकांना उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ही महत्त्वाची वाटत होती. अंबरनाथच्या गेटवर हाच प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि ‘पूर्ण नाव सांग’ असा विचारला जातो.

अर्जांचा प्रयोग दार उघडते की नाही ते सांगतो. आत गेल्यावर काय होते, ते आतल्या माणसालाच विचारावे लागते. अमेरिकेत मिशेल मोर बराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत अशी मोजणी केली. गोऱ्या पुरुषांना कंपनी जितकी न्यायी वाटत होती तितकी ती गोऱ्या स्त्रियांना किंवा इतर वंशांच्या स्त्री-पुरुषांना वाटत नव्हती. इमारत एक, नियम एक, अनुभव वेगळे. म्हणून सर्वेक्षणाचा एकच सरासरी आकडा निरुपयोगी ठरतो. समजा, १०० कामगारांपैकी ८५ जणांनी ‘इथे सगळ्यांना सारखे वागवतात’ असे लिहिले. अहवालात ८५ टक्के समाधान झळकेल. पण उरलेल्या १५ पैकी १२ जण जर हौद आणि गटारे साफ करणाऱ्या २० कंत्राटी कामगारांतले असतील, तर त्या गटात निम्म्याहून जास्त लोक उलट सांगत आहेत. व्यवस्थापनाच्या कामाची गोष्ट ही आहे.

मानसशास्त्रज्ञांना सापडलेली आणखी एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. फे क्रॉस्बी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नोकरदार स्त्रियांचा अभ्यास केला. स्त्रियांवर अन्याय होतो हे त्यांना मान्य होते, पण स्वतःवर झाला असे म्हणायला त्या तयार नव्हत्या. १९९० साली डोनाल्ड टेलर आणि सहकाऱ्यांना माँट्रियलमधल्या हैती आणि भारतातून आलेल्या स्त्रियांत हेच दिसले: आमच्या लोकांशी भेदभाव होतो, माझ्याशी तितका नाही. आपल्याकडे याला स्वाभिमानाची जोड आहे. कष्टाने वर आलेल्या माणसाला ‘मला कमी लेखले’ हे कागदावर लिहिणे हार पत्करल्यासारखे वाटते. म्हणून ‘तुमच्याशी भेदभाव होतो का’ या सरळ प्रश्नाचे उत्तर खऱ्यापेक्षा कमीच प्रमाण दाखवते.

यावरचा उपाय साधा आहे. मोठा शब्द टाळून घटना विचारायच्या. डेव्हिड विल्यम्स यांनी १९९७ साली मांडलेली ‘रोजच्या भेदभावा’ची प्रश्नावली याच तत्त्वावर आहे. तुम्हाला इतरांपेक्षा कमी आदराने वागवतात का, तुम्हाला काही कळत नाही असे समजून बोलतात का, असे छोटे प्रश्न आधी येतात आणि हे कशामुळे होते असे वाटते, हे शेवटी. भारतात मानव विकास सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना अस्पृश्यतेबद्दल असेच दोन पायऱ्यांत विचारले. आधी घरात कुणी पाळते का असा थेट प्रश्न आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा: अनुसूचित जातीच्या माणसाने स्वयंपाकघरात आलेले, तुमची भांडी वापरलेली चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कबुली दिली. पहिल्याच प्रश्नावर थांबले असते तर आकडा कमी आला असता.

उल्हासनगर-बदलापूरसाठी असे प्रश्न इथल्या कामाच्या दिवसातूनच उचलायला हवेत. तुम्हाला नावाने हाक मारतात, आडनावाने की ‘ए’ म्हणून? ओव्हरटाइम कुणाला विचारून देतात आणि कुणावर लादतात? टाकी साफ करायला उतरायचे असते तेव्हा नेहमी त्याच लोकांना पाठवतात का? चहाचे ग्लास सगळ्यांचे एकत्र असतात का? कॅन्टीनमध्ये डबा कुणाशेजारी उघडता येतो? १४ एप्रिल, ईद, छठ, चेटीचंड यांपैकी कोणत्या दिवसाची सुट्टी मागताना अवघड वाटते? एखाद्याचा हात मशीनमध्ये सापडला तर परमनंट आणि कंत्राटी दोघांसाठी गाडी तितक्याच लवकर येईल, असा भरवसा वाटतो का? अशा प्रश्नांना उत्तर देताना कुणाला आपली व्यथा मांडल्यासारखे वाटत नाही. जे घडते ते सांगायचे असते.

विचारणारा कोण, हे प्रश्नाइतकेच महत्त्वाचे. एचआरच्या केबिनमध्ये मुकादम उभा असताना दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे. मालकाच्या भाषेतला फॉर्म भोजपुरी बोलणाऱ्या कारागिरापुढे ठेवला तर तो शेजाऱ्याकडून भरून घेईल. कमी शिकलेल्या कामगाराला ‘पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत’ अशा पाच पायऱ्या वाचायला लावू नयेत. तोंडी विचारावे, त्याच्या भाषेत, कारखान्याच्या फाटकाबाहेर. बाईला बाईने विचारावे. मोबाइलवरचा फॉर्म सोयीचा वाटतो, पण ज्या नंबरवर पगाराचा मेसेज येतो त्याच नंबरवर आलेला फॉर्म कुणी निनावी मानत नाही.

गुप्ततेचे गणितही आधीच सांगावे लागते. एखाद्या विभागात तीनच मुस्लिम कामगार असतील आणि अहवालात ‘विभाग दोन, मुस्लिम: भेदभाव जाणवतो’ असे आले, तर नाव न लिहिताही नाव उघड झाले. म्हणून पाच किंवा दहापेक्षा लहान गटाचा आकडा वेगळा द्यायचा नाही, हा नियम पाळतात. फारच नाजूक प्रश्नासाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली सुचवलेल्या कल्पनेचे एक सोपे रूप वापरता येते. कामगाराने कुणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचे. काटा आला तर खरे उत्तर द्यायचे. कुणाचे ‘हो’ नाण्याचे आणि कुणाचे मनातले, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. पण २०० जणांत १३० ‘हो’ आले तर त्यांतले सुमारे १०० नाण्याचे समजायचे आणि उरलेल्या १०० जणांत ३० खरे, म्हणजे साधारण ३० टक्के. साहेबाने कितीही दरडावले तरी एकाही कामगाराविरुद्ध पुरावा हाती येत नाही. मात्र याला माणसे पुष्कळ लागतात. वीस मशीनच्या गाळ्यात ही युक्ती चालत नाही.

आणि या पट्ट्यात असे गाळे भरपूर आहेत. सेबीचे नियम मोठ्या कंपन्यांना. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची केली, ती दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी. उल्हासनगरच्या बराकीमागच्या सहा मशीनच्या शिलाई खोलीत काम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिला जिल्हाभरातून अशा तक्रारी ऐकायच्या असतात. मालकाविरुद्धच तक्रार असेल तरीही तिथेच जावे लागते. त्या बाईला या समितीची माहिती आहे का, एवढे विचारले तरी बरेच कळेल. राज्यघटनेतली समान संधीची हमी सरकारी नोकरीला लागू आहे. खाजगी नोकरीतल्या जात किंवा धर्मावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध देशात एकच सर्वंकष कायदा नाही. स्त्रिया, अपंग, ट्रान्सजेंडर, एचआयव्हीबाधित यांच्यासाठी वेगवेगळे कायदे आहेत. त्यामुळे छोट्या गाळ्यांत सर्वेक्षण एकेका मालकाकडे न करता गल्लीवार, नाक्यावार किंवा वसाहतवार करावे लागेल. तिथे कामगार संघटना, उद्योजकांच्या संघटना आणि स्थानिक महाविद्यालयांचे समाजशास्त्र विभाग एकत्र आले तरच माणसे पुरेशी मिळतील आणि कुणा एका मालकाकडे बोट जाणार नाही.

सर्वेक्षण झाल्यावर काय, हे विचारण्याचा हक्क उत्तर देणाऱ्यांना आहे. अनेक ठिकाणी प्रश्न विचारले जातात, अहवाल मुख्यालयात जातो आणि कामगाराला त्याचा निकाल कधीच कळत नाही. पुढच्या वर्षी तोच कामगार सगळ्या चौकोनांत ‘ठीक’वर खूण करतो. निकाल मराठी आणि हिंदीत, साध्या शब्दांत, कॅन्टीनच्या फळ्यावर लागला पाहिजे आणि त्यात वाईट आकडे आधी यावेत. त्यानंतर पहिला बदल लवकर आणि दिसेल असा व्हायला हवा: टाकी साफ करण्याची पाळी सगळ्यांत फिरवणे, ओव्हरटाइमची यादी आदल्या दिवशी लावणे, कंत्राटी कामगाराला तेच हेल्मेट आणि तेच हातमोजे देणे. यांपैकी एकालाही मोठा खर्च नाही. वर्षभराने तेच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारायचे. त्या दरम्यान ज्यांना कामावरून कमी केले किंवा जे सोडून गेले, त्यांना शोधून त्यांच्याकडूनही उत्तरे घ्यायची, कारण ज्याला सर्वांत जास्त खुपले तो बहुधा दुसऱ्या फेरीपर्यंत कामावर राहिलेला नसतो.